मांड्याचा माग : खापरापासून कढईपर्यंत

बेळगावच्या लग्नात मांडे नसतील तर पाहुणे काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. बाहेरगावच्या माणसाला बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो. इथल्या जुन्या घरांत मात्र मान मांड्यांचा. कागदासारखा पातळ, चौकोनी घडी घातलेला, आत पिठीसाखर, खसखस आणि वेलदोडा असलेला हा पदार्थ ताटात चुरायचा, वर गरम दूध आणि चमचाभर तूप घालायचं आणि लगेच खायचा. कन्नड घरांत यालाच मंडिगे म्हणतात.

मंडळात या पदार्थावर टिपण करायचं ठरलं, तेव्हा दोन प्रश्न समोर होते. एक, हा पदार्थ खरोखर किती जुना? 'हजार वर्षांची परंपरा' असं मिठाईच्या खोक्यावर छापणं सोपं असतं. दुसरा प्रश्न आपल्या भागात नेहमीचाच : मांडे मराठी की कन्नड? दोन्हींची उत्तरं नुसत्या पुस्तकांत शोधण्यापेक्षा जुन्या कृतीप्रमाणे मांडे करून बघावेत, असं ठरवलं. त्या प्रयोगांचा आणि वाचनाचा हा वृत्तांत.

कल्याणीच्या राजाची कृती

मांड्याची सविस्तर जुनी कृती मिळते ती 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात. याचंच दुसरं नाव 'अभिलषितार्थचिंतामणी'. कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा. ग्रंथ शके 1051 च्या, म्हणजे इ.स. 1129 च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आपला बेळगावचा मुलूख त्या काळी याच चालुक्यांच्या सत्तेखाली होता.

ग्रंथात पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. राजाने राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती, रत्नं, संगीत, खेळ असं सगळं त्यात आहे. तिसऱ्या विंशतीतला अन्नभोगाचा भाग आपल्या कामाचा. आज हा ग्रंथ आपल्याला सहज वाचता येतो याचं श्रेय वडोद्याला. सयाजीराव गायकवाडांच्या काळात सुरू झालेल्या 'गायकवाड ओरिएंटल सिरीज'मध्ये गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पहिला खंड 1925 मध्ये, अन्नभोग असलेला दुसरा खंड 1939 मध्ये निघाला.

त्यातली मंडकाची कृती माझ्या शब्दांत अशी : गहू धुवावेत, उन्हात वाळवावेत, घरट्यावर दळावेत आणि चाळून कोंडा काढावा. त्या बारीक पिठात थोडं तूप आणि मीठ घालून दूध-पाण्याने भिजवावं. मोठ्या लाकडी परातीत हाताने आपटून आपटून मळावं, गुळगुळीत झालं की गोळे करावेत. हाताला तूप लावून, गोळ्यांना तांदळाची पिठी लावून ते हातावर फिरवत पसरावेत. पांढऱ्या रेशमी वस्त्रासारखे झाले की तापलेल्या खापरावर टाकावेत आणि काळे पडायच्या आत झटकन काढावेत.

शब्दांकडेही बघण्यासारखं आहे. मंडपाचा जसा मांडव झाला, तसा मंडकाचा मांडा झाला. सर्पाचा साप झाला, तसं खर्परचं खापर झालं. पदार्थ आणि त्याचं भांडं या दोघांची नावं भाषेच्या नेहमीच्या वाटेने चालत आपल्यापर्यंत आली आहेत. कुणी मधेच उचलून आणलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र या कृतीत नाही : साखर. सोमेश्वराचा मंडक आतून रिकामा आहे.

मुक्ताबाईचं खापर

मराठी माणसाला मांडे म्हटलं की मुक्ताबाई आठवते. ज्ञानेश्वरांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताबाई कुंभाराकडे खापर आणायला गेली, विसोबा चाटीने कुंभाराला दम देऊन ते मिळू दिलं नाही आणि शेवटी ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठच तव्यासारखी तापवली, अशी ही परंपरेतली कथा. तिच्यातल्या चमत्काराबद्दल इतिहासाला काही म्हणायचं नाही. पण कथेचा सगळा डोलारा एका घरगुती तपशिलावर उभा आहे : खापर नसेल तर मांडे होत नाहीत. पोळीसाठी तवा कुणाकडूनही मागता येतो. मांड्यासाठी मात्र कुंभारच गाठावा लागतो. ऐकणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नव्हतं, म्हणून कथा पिढ्यान्‌पिढ्या चालली.

कथेत आणखी एक गोष्ट आहे. मांडे हा गरिबाघरी रोज होणारा पदार्थ नव्हता, ती एक इच्छा होती. 'मनातले मांडे' हा वाक्प्रचार तिथूनच समजतो. आणि आपल्या शेजारी कन्नडमध्ये अगदी हीच म्हण आहे, मनातल्या मनात मंडिगे खाणं! दोन्ही भाषांनी स्वप्नरंजनासाठी एकच पक्वान्न निवडलं. लाडू नाही, खीर नाही. ज्याला कसब लागतं आणि जे हाताशी येता येता फाटतं, असं पक्वान्न निवडलं.

भावमिश्राची भर

मानसोल्लासानंतरचा दुसरा भक्कम टप्पा म्हणजे सोळाव्या शतकातला भावमिश्राचा 'भावप्रकाश'. हा वैद्यकाचा ग्रंथ, पण त्यात तयार अन्नाचे गुणदोष सांगताना कृतीही येतात. तिथला मंडकही हातावरच पसरलेला आहे. भांड्याबद्दल तो अधिक स्पष्ट आहे : उपड्या घातलेल्या घड्याच्या बाहेरच्या अंगावर तो टाकायचा आणि मंद आचेवर भाजायचा. खायचा कसा, तेही दिलं आहे : दूध, तूप आणि खांडेबरोबर.

हे वाचलं आणि बेळगावचं ताट डोळ्यांसमोर आलं. दूध तेच, तूप तेच. खांड तेवढी ताटातून उठून मांड्याच्या आत जाऊन बसली.

करून बघितलं ते

साहित्य शक्य तितकं जुन्या पद्धतीचं घ्यायचं ठरवलं. गहू बन्सी घेतला. रोलर मिलचा मैदा यायच्या आधी बारीक कामाला सपीट वापरत, म्हणजे ओलवलेले गहू दळून कापडाने गाळलेलं पीठ. दोन किलो गहू धुऊन, वाळवून, ओळखीच्या घरच्या जात्यावर दळले आणि वस्त्रगाळ केले. हाती पावणे किलोच्या आसपास सपीट आलं. उरलं ते रवा आणि कोंडा. मांडे हा श्रीमंती पदार्थ का, हे इथेच कळतं. साखर-तुपाच्या आधी गव्हातच खर्च होतो, आणि बाईमाणसाचे हात जातात ते वेगळेच.

खापर खानापूरहून आणलं. खानापूर तालुक्याची माती आणि मातीकाम आपल्याकडे प्रसिद्ध आहे. रुंद बुडाचं मडकं तीन विटांवर उपडं घातलं आणि खाली लाकडाचा जाळ केला.

मदतीला शहापूर भागातले एक आचारीमामा आले. चाळीसेक वर्षं लग्नाचे मांडे केलेला हात. जुन्या ग्रंथातलं 'आपटून मळावं' हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "मग काय वेगळं सांगितलंय त्यानं? कणीक मार खाल्ल्याशिवाय लांबतच नाही बघा."

पहिला प्रयोग सोमेश्वराच्या मंडकाचा. पाव किलो सपीट, दोन चमचे तूप, चिमूट मीठ, निम्मं दूध निम्मं पाणी. अर्धा तास आपटून मळलं, ओल्या फडक्याखाली दोन तास ठेवलं. मामांनी गोळा तांदळाच्या पिठीत घोळवला, दोन्ही तळहातांवर, मग मनगटापर्यंत फिरवत नेला. ताटाएवढा, मग परातीएवढा झाला. खापरावर पडला, फुगे आले आणि अर्ध्या मिनिटात उचलला. पांढरा, मऊ, रुमालासारखा घडी होणारा. 'पांढऱ्या रेशमी वस्त्रासारखा' ही राजाची उपमा म्हणजे कवित्व नव्हे, पाककृतीतली खूण आहे हे तेव्हा समजलं. पीठ नीट गाळलेलं नसेल तर तो रंग येत नाही.

कृतीतल्या प्रत्येक सूचनेला कारण आहे हेही दिसलं. तांदळाच्या पिठीला चिकटपणा नाही, म्हणून गोळा हातावरून सरकतो. गव्हाचंच पीठ लावलं तर ते ओल धरून चिकटू लागतं. दुधाने मांडा मऊ राहतो, पण दुधामुळेच तो लवकर तांबूस होतो, म्हणून 'काळा पडायच्या आत काढा' ही ताकीद. नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कणकेला इतकी घाई करावी लागली नाही.

दुसरा प्रयोग भांड्याचा. तीच कणीक, एक मांडा खापरावर, एक उपड्या लोखंडी कढईवर. लोखंडावर डाग लवकर पडले, मातीवर भाजणं सावकाश आणि सारखं झालं. मऊ मांड्याला खापरच हवं.

तिसरा प्रयोग बेळगावी मांड्याचा. यात गोळ्याच्या पोटात पिठीसाखर, खसखस, वेलदोडा भरून तो पसरायचा आणि भाजता भाजता चारी बाजूंनी घडी घालायची. खापरावर जिथे साखर बाहेर आली तिथे ती मातीत मुरली, चिकटली आणि जळली. कढईवर सांडलेली साखर ओल्या फडक्याने पुसून पुढचा मांडा टाकता आला. शिवाय इथे मऊपणा नकोच असतो. जास्त आचेने पाणी उडून जायला हवं, साखर किंचित विरघळून गार होताना घट्ट व्हायला हवी. म्हणजे साखर आत आली आणि खापर गेलं, या दोन गोष्टी एकमेकींना धरून झालेल्या दिसतात.

कुरकुरीतपणाचा फायदा व्यवहाराचा आहे. मऊ मांडा त्याच दिवशी खावा लागतो. साखरेचा कोरडा मांडा डब्यात बरेच दिवस राहतो, मुलीच्या सासरी पाठवता येतो, पाहुण्यांबरोबर बांधून देता येतो. लग्नाच्या देण्याघेण्यात त्याला जागा मिळाली ती यामुळे, असं मला वाटतं.

खानदेशचा चुलतभाऊ

खानदेशातही मांडे आहेत आणि तिथे खापर अजून टिकून आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरण भरून हातावर फिरवलेली ही मोठी पोळी उपड्या खापरावर भाजतात आणि आमरसाबरोबर खातात. पुरण ओलं, पोळी मऊ, त्याच दिवशी संपणारी. म्हणजे पसरण्याची रीत आणि भांडं दोन्ही बाबतींत खानदेश जुन्या मंडकाजवळ राहिला. बेळगावने पसरण्याची रीत ठेवली, भांडं बदललं, पण दूध-तूप-खांडेचा जुना बेत सोडला नाही. दोघांपैकी 'खरे मांडे' कुणाचे, हा वाद घालण्यात अर्थ नाही. एकाच आजीची ही दोन नातवंडं.

मग मांडे कुणाचे?

सोमेश्वराचा ग्रंथ संस्कृतात, त्याचं राज्य कानडी मुलखातलं, आणि त्याच ग्रंथातल्या संगीताच्या भागात जुन्या मराठीतल्या गीतांचे तुकडेही आहेत. त्याच्या मुदपाकखान्यात कोणती भाषा बोलत होते हे विचारायचं असेल, तर उत्तर बहुधा 'जी बेळगावात बोलतात ती', म्हणजे दोन्ही! सीमेचा प्रश्न पदार्थाच्या नावावर सोडवता येत नाही, आणि सोडवायला जाऊही नये. म्हण दोन्हीकडे एक, कृती एक.

'हजार वर्षांची परंपरा' याचंही उत्तर आता नेमकं देता येतं. गव्हाचं सपीट, आपटून मळणं, हातावर पसरणं, उपड्या तापल्या पृष्ठभागावर भाजणं हे जवळजवळ नऊशे वर्षांचं आहे. दूध-तूप-खांडेची जोड निदान चारशे वर्षांची. पोटातली पिठीसाखर, लोखंडी कढई आणि कुरकुरीत घडी ही नंतरची भर. यात जुनं काय असेल तर ते हाताचं वळण.

आणि तेच आज सगळ्यांत आधी जाणार आहे. पिठाचं प्रमाण लिहून ठेवता येतं, हात लिहून ठेवता येत नाही. मामांच्या घरात पुढच्या पिढीने हा व्यवसाय घेतलेला नाही. "आता लाटून करतात की, कुणाला कळतंय?" असं ते म्हणाले, आणि त्यात तक्रारीपेक्षा माहितीच जास्त होती. लाटलेला मांडा चवीला वाईट नसतो. फक्त सोमेश्वरापासून चालत आलेला धागा तिथे तुटतो.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या घरात, गल्लीत हातावर मांडे पसरणारं कुणी असेल, तर त्यांची कृती नुसती विचारून घेऊ नका. गोळ्याचं वजन, पसरल्यावरची रुंदी, किती वेळ फिरवला, हात कुठून कुठे गेला, याची नोंद करा, चित्रफीत घ्या. जमलं तर शेजारी बसून दोन मांडे स्वतः पसरून बघा. पहिले दोन फाटतील. मामा म्हणतात, तिसरा होतो.