डहाणू-तलासरी परिसरातील मोसमी वारे आणि व्यापार : एक ऐतिहासिक विचार

पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना भृगुकच्छ, शूर्पारक, कल्याण, चौल आणि पुढे सुरत व मुंबई या मोठ्या बंदरांकडेच अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गेले आहे. या बंदरांच्या दरम्यानचा किनारा म्हणजे केवळ गलबतांनी ओलांडून जावयाचे अंतर, अशी समजूत त्यामुळे नकळत रूढ झाली. डहाणू आणि तलासरी हे तालुके अशाच दरम्यानच्या प्रदेशात मोडतात. वस्तुतः वाऱ्यांच्या नियमाने मनुष्याचे जीवन कसे बांधले जाते, हे मोठ्या बंदरापेक्षा अशा लहान खाड्यांच्या प्रदेशातच अधिक स्पष्टपणे दिसून येते. मोठ्या बंदराला संपत्ती, गोदामे आणि राजाश्रय यांचा आधार असतो. लहान बंदराला वारा, भरती आणि पाठीमागच्या डोंगरातील माणसाचे श्रम एवढेच भांडवल असते.

प्रथम वाऱ्यांचे स्वरूप लक्षात घेणे अवश्य आहे. ज्यांना व्यापारी वारे म्हणतात ते विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंनी वर्षभर बऱ्याच नियमितपणे वाहतात. एडमंड हॅले याने १६८६ साली या वाऱ्यांची व मोसमी वाऱ्यांची एकत्र मांडणी केली आणि १७३५ साली जॉर्ज हॅडली याने त्यांच्या दिशेचा संबंध पृथ्वीच्या परिवलनाशी जोडला. हिंदी महासागरात मात्र या नियमाला एक मोठा अपवाद आहे. उन्हाळ्यात आशिया खंडाची भूमी तापली म्हणजे दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन अरबी समुद्रावरून भारतावर येतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ या प्रवाहाला फार मोठा वेग असतो, हे १९६० नंतरच्या दशकात फिंडलेटरच्या संशोधनाने सिद्ध झाले. हिवाळ्यात हा क्रम उलटतो आणि जमिनीवरून समुद्राकडे ईशान्य वारे वाहू लागतात. अरब खलाशी पहिल्या वाऱ्याला ‘कौस’ व दुसऱ्याला ‘अझयब’ म्हणत. ‘मोसम’ हा शब्द आपल्या भाषेत आला तोही अरबीतूनच, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ठरलेला काळ’ असा आहे. वाऱ्याला काळाचे नाव मिळावे यातच या व्यापाराचे मर्म साठविलेले आहे.

डहाणूच्या किनाऱ्यावर या महान प्रवाहाबरोबर आणखी दोन स्थानिक शक्ती काम करतात. एक म्हणजे खारे व मतलई वारे. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येतो आणि सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी तो परततो. त्यानंतरच्या आठ महिन्यांत रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून मतलई आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा वाहतो. पहाटे मतलईवर होडी बाहेर काढावी आणि दिवस कलताना खाऱ्या वाऱ्यावर घरी परतावे, हा मांगेला, माच्छी व कोळी समाजांचा पिढीजात क्रम होता. किनाऱ्याने प्रवास करणारे पडाव आणि मचवेही याच दोन वाऱ्यांच्या आलटापालटीचा उपयोग करून मजल मारीत. दुसरी शक्ती म्हणजे भरती-ओहोटी. खंबायतच्या आखाताकडे जावे तसतशी भरतीची उंची वाढत जाते आणि डहाणूला ती मुंबईहून अधिक असते. ओहोटीच्या वेळी उथळ किनारा दूरवर उघडा पडतो व खाडीत शिरावयाचे तर भरतीचीच वाट पाहावी लागते. डोल जाळ्यांची मासेमारीदेखील पाण्याच्या याच ओढीवर चालते. तात्पर्य, येथल्या तांडेलाला वर्षाचे, दिवसाचे आणि चंद्राचे अशी तीन पंचांगे एकाच वेळी सांभाळावी लागत.

मोसमी वाऱ्यांचा शोध हिप्पालस नावाच्या ग्रीक नाविकाने लावला असे विधान पुष्कळदा केले जाते. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रंथाचे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. बंदरांची स्थाने व समुद्राची आकृती ध्यानी घेऊन खुल्या समुद्रातून जाण्याचा मार्ग हिप्पालसने प्रथम निश्चित केला, एवढेच त्यात सांगितले आहे. अरब आणि भारतीय नाविकांना वारे त्यापूर्वीच परिचित होते. ग्रीकांना नवा होता तो मार्ग. ईजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघावे असे त्या ग्रंथात सांगितले आहे, त्याचेही कारण उघड आहे. भर पावसात वारा थेट किनाऱ्याकडे रेटीत असता जहाज भारताजवळ आणणे म्हणजे ते फुटण्यास देणे होय. जुलैत निघालेले जहाज वाऱ्याचा जोर ओसरताना येथे पोहोचे आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परत फिरे.

याच ग्रंथात डहाणूच्या किनाऱ्याशी निगडित असा एक राजकीय प्रसंग आला आहे. कल्याण येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे भृगुकच्छाला, नेली जात असा त्यात उल्लेख आहे. क्षत्रप व सातवाहन यांच्या स्पर्धेचा हा काळ होय. कल्याणहून भृगुकच्छाकडे जाणारे जहाज डहाणूसमोरूनच जाणार. त्या स्पर्धेतील क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यांतील लेखात इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य तरी चालविल्याचा निर्देश आहे. दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, हे आता सर्वमान्य आहे. उषवदाताने नानंगोल गावातील नारळाच्या झाडांचे मोठे दानही दिले होते व हे गाव म्हणजे डहाणूच्या उत्तरेचे नारगोळ, असे भगवानलाल इंद्रजी यांनी सुचविले.

या तरींचा हेतू केवळ धर्मादाय मानणे पुरेसे नाही. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांच्या मुखांनी हा किनारा तुकड्यातुकड्यांत विभागलेला आहे. समुद्र खुला असेल तोवर माल पाण्याने जाई. वारा फिरला व बंदर बंद झाले म्हणजे उत्तर-दक्षिण दळणवळणाला जमिनीची वाट धरावी लागे, आणि त्याच वेळी नद्या फुगलेल्या असत. समुद्रमार्ग आणि खुष्कीचा मार्ग यांची गाठ तरीच्या ठिकाणी पडे. जो तरी चालवील त्याच्या हाती या किनाऱ्याच्या दोन्ही वाटा येत.

सुमारे आठ शतकांनंतरच्या पुराव्याने या अनुमानास बळकटी येते. १९५५ साली डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले व दिनेशचंद्र सरकार यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांपैकी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संयान मंडलाचा अधिकारी मधुमती सुगतिप हा होता असे नमूद आहे. तो ताजिक, म्हणजे अरब वंशाचा असून ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप होय. त्याने आसपासच्या बंदरांच्या प्रमुखांना जिंकले, तेथे आपले अधिकारी नेमले, दोन प्रवाहांवर विनामूल्य तरी सुरू केली आणि भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र घातले. एका ब्राह्मणाने संयान येथे बांधलेल्या मठिकेला त्याच्या संमतीने भूमिदान झाले, हा त्या ताम्रपटाचा मुख्य विषय. मोसमी वाऱ्यांवर आलेला परका या भूमीत कसा रुजला याचे याहून बोलके उदाहरण दुर्मिळ आहे. समुद्र बंद असता पाहुण्याला महिनोन्‌महिने येथेच राहावे लागे; त्या सक्तीच्या वास्तव्यातून भाषा, नाती आणि अधिकार निर्माण होत. उषवदात शकवंशीय आणि सुगतिप अरब; दोघांनीही या किनाऱ्यावर तरीचे काम केले.

संयान म्हणजे आजचे संजाण. तलासरीच्या सीमेला लागून असलेले हे गाव आज गुजरातेत असले तरी वाऱ्याच्या व पाण्याच्या दृष्टीने ते याच परिसराचे अंग आहे. २००२ नंतर तेथे झालेल्या उत्खननात पश्चिम आशियातील झिलईदार भांड्यांचे आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. १५९९ मध्ये रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात पारशी लोक दीवहून संजाणकडे येताना वादळात सापडले अशी परंपरा सांगितली आहे. हे काव्य घटनेनंतर अनेक शतकांनी रचलेले असल्याने त्यातील कालगणना वादग्रस्त आहे. तथापि समुदायाच्या स्मृतीत स्थलांतराचा आरंभ वादळाने व्हावा, हे या समुद्राच्या स्वभावाला धरूनच आहे. संजाणच्या पाडावानंतर पवित्र अग्नी ज्या बाहरोटच्या डोंगरात ठेवला गेला तो डोंगर डहाणू परिसरातच येतो.

पोर्तुगीजांनी १५५९ मध्ये दमण घेतले आणि डहाणू, तारापूर यांसह हा पट्टा त्यांच्या अमलाखाली गेला. परवान्याशिवाय गलबत हाकारू न देण्याच्या त्यांच्या पद्धतीने समुद्र प्रथमच कागदाने बांधला गेला. तरीही वाऱ्याची सत्ता कायमच होती. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजांनी माहीम, तारापूर या ठाण्यांवर मोहीम नेली आणि मे महिन्यात, पाऊस तोंडावर आला असता, वसई शरण आली. गोव्याहून समुद्रमार्गे कुमक येण्याचा काळ संपत आला होता आणि वेढा घालणाऱ्यांनाही पावसापूर्वी निकाल लावणे भाग होते. दोन्ही पक्षांना एकाच पंचांगाची घाई होती.

या किनाऱ्यावरून जाणाऱ्या मालात इमारती लाकूड महत्त्वाचे होते. जव्हार व तलासरीकडच्या रानातील साग थंडीत तोडला जाई, गाड्यांतून खाडीपर्यंत येई आणि तेथून मुंबई व गुजरातच्या बंदरांकडे रवाना होई. रानातील गाडीवाट कोरडी असण्याचा काळ आणि समुद्र खुला असण्याचा काळ एकच होता, म्हणूनच हा व्यापार शक्य झाला. तेव्हा वाऱ्याच्या इतिहासात शिडाबरोबर कुऱ्हाडीलाही स्थान दिले पाहिजे. शिडाखाली बसलेल्या तांडेलाची आठवण लोकपरंपरेने ठेवली; रानात लाकूड तोडणाऱ्या वारली माणसाचे नाव मात्र व्यापाराच्या कोणत्याच दप्तरात आढळत नाही.

१८६४ मध्ये सुरत ते मुंबई लोहमार्ग सलग झाला. डहाणूचा माल रेल्वेने जाऊ लागला आणि शिडाच्या जहाजांचे महत्त्व क्रमाक्रमाने घटले. यावरून मोसमाची सत्ता संपली असा निष्कर्ष काढला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. वाहतूक वाऱ्यापासून मुक्त झाली. श्रम झाले नाहीत. पावसावर वाढलेले गवत पाऊस सरताच कापावे लागे आणि ते मुंबईच्या गुराढोरांसाठी जात असे. पावसाळ्यात घरातील धान्य संपले म्हणजे वारली कुटुंब सावकाराकडे कर्ज काढी आणि पाऊस सरल्यावर ते वेठीने फेडी. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध जो निर्धार झाला त्यानंतरचा मोठा संघर्ष नेमका ऑक्टोबरमध्ये, गवत कापण्याच्या दिवसांत, उभा राहिला. ५०० पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत ही मागणी होती. तलवाडा येथे जमावावर गोळीबार होऊन पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. संपाची वेळ ठरविली ती पावसाच्या परतीने, कारण गवत उभे असता थांबणे मालकाला परवडणारे नव्हते. ज्या मोसमाने शतकानुशतके मजुराला बांधून ठेवले होते, तोच त्या वर्षी त्याच्या हातातील साधन झाला.

पुढे १९६० मध्ये राज्यांची विभागणी होऊन उंबरगावचा बराच भाग गुजरातेत गेला व तलासरी महाराष्ट्रात राहिले. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविला गेला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाने वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव १९९८ साली नाकारला, २०२३ मध्ये सशर्त अनुमती दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराची पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे दहा किलोमीटर लांबीचा बांध घालून व १,४४८ हेक्टर भराव करून येथे बारमाही बंदर उभारावयाचे आहे. दुसरीकडे राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या लोटण्याची प्रथा टिकून आहे. मच्छीमारांचा या बंदराला असलेला विरोध केवळ जागेसाठी नाही. भरतीच्या ज्या ओढीवर डोल जाळी चालतात ती ओढ आणि माशांच्या विणीची जागा बदलेल, ही त्यामागची चिंता आहे.

हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा वाटला तरी त्याचे मूळ इतिहासातच आहे. दोन सहस्र वर्षांत या किनाऱ्यावर आलेल्या प्रत्येक सत्तेने मोसमाशी काही एक व्यवस्था लावली. उषवदात व सुगतिप यांनी बंद काळात वाट चालू राहावी म्हणून तरी चालविल्या आणि त्यांचा लाभ वाटसरूला विनामूल्य दिला. पोर्तुगीजांनी खुल्या काळावर परवान्याचा कर बसविला. लोहमार्गाने वाहतूक मोसमातून सोडविली, पण मजुराला त्यातच ठेवले. बारमाही बंदर हा या मालिकेतील पुढचा टप्पा होय. त्याचे मूल्यमापन करताना जहाजे किती आली याबरोबरच, वाऱ्यावर व भरतीवर जगणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हेही मोजावे लागेल. दाहनुकेवरील तरीची स्मृती दगडात कोरून ठेवली गेली, कारण तिचा उपयोग पलीकडे जाणाऱ्या सर्वांना होता. हा निकष आजही लावण्याजोगा आहे.