तालीम, वस्ताद आणि फुटबॉलचे मैदान

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत फुटबॉलविषयीचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. मंडळ म्हटले की गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, वाचनालय आणि कोजागिरी आठवते. चिखलात चेंडूमागे धावणारी महाविद्यालयीन मुले सहसा कोणास आठवत नाहीत. तथापि ज्या नगरीत आपल्या मंडळाने पन्नास वर्षे काढली, त्या नगरीचा भारतीय शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात मोठा वाटा आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राच्या तालमींशी सहज जुळतो. खेळ शिकविणे हे एक काम आहे आणि खेळणाऱ्याचे शरीर घडविणे हे दुसरे. आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. महाविद्यालयीन मैदानावर मात्र आपण तो विसरलो. या विस्मरणाची किंमत कोवळ्या मुलांना मोजावी लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभ भाषेपासून करू. या शहरातील एखाद्या जुन्या व्यायामशाळेत उभे राहिलो की ‘तंडाल’, ‘बस्की’ आणि ‘कर्ला कट्टै’ हे शब्द कानी पडतात. तंडाल म्हणजे आपले दंड, बस्की म्हणजे बैठका, आणि कर्ला कट्टै म्हणजे खांद्यावरून फिरविण्याचे ते जड लाकडी साधन, ज्याला आपल्याकडे करेल म्हणतात. हे शब्द कोणी कोणाकडून घेतले हा वाद भाषापंडितांनी करावा. मराठी माणसाला मात्र परक्या गावात घरचे कोणी भेटल्याचा आनंद होतो. तंजावरास १६७६ मध्ये व्यंकोजीराजांनी राज्य स्थापिले, तेव्हापासून मराठी बोली या प्रांतात नांदते आहे. व्यायामाच्या शब्दांनीही दक्षिण-उत्तर प्रवास केला असल्यास आश्चर्य नाही.

आपल्या व्यायामपरंपरेचा विचार करताना बाळंभटदादा देवधरांचे नाव प्रथम घ्यावे लागते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या या पुरुषाने मल्लखांबाला नवजीवन दिले. मल्लखांब ही मुळात मल्लाची पूर्वतयारी. प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यापूर्वी शरीर लवचिक, पकड घट्ट आणि तोल पक्का व्हावा म्हणून खांबाशी झुंजायचे. प्रत्यक्ष लढतीहून निराळी, पण लढतीसाठीच केलेली अशी ही साधना आहे. तालमीतही हीच व्यवस्था होती. मेहनत वेगळी, लढत वेगळी. कोणाला किती जोर काढू द्यायचे, कोणाला आज विश्रांती द्यायची, कोणाच्या खुराकात दूध वाढवायचे, हे वस्ताद ठरवी. पोरगा नवखा असेल तर त्याला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगणारा वस्ताद शहाणा मानला जात नसे. भार हळूहळू वाढवावा, विश्रांतीस मान द्यावा, आणि प्रत्येक देह वेगळा ओळखावा, ही आजच्या क्रीडाविज्ञानाची सूत्रे तालमीच्या तांबड्या मातीत अनुभवाने रुजलेली होती.

या परंपरेची फुटबॉलशी गाठ पडली ती कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे कुस्ती वाढली आणि १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. पुढे त्याच पेठांतून फुटबॉलचे संघ निघाले आणि त्यांनी नावे घेतली ती तालमींची: खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर आजही या संघांचे सामने होतात तेव्हा सारी पेठ लोटते. तालमीतले मल्लच चेंडू खेळू लागले असे नव्हे. पण खेळाडूच्या पाठीशी तालीम असावी ही कल्पना त्या नावांतून उरली आहे. जगातील किती फुटबॉल संघांच्या नावातच व्यायामशाळा असेल?

कोल्हापुरात जे परंपरेने होते, त्याला शास्त्राची जोड मिळाली ती आपल्या या शहरात, त्या काळच्या मद्रासमध्ये. हॅरी क्रो बक हे अमेरिकन गृहस्थ १९१९ साली येथे आले. मॅसॅच्युसेट्समधील ज्या स्प्रिंगफील्डच्या विद्यालयात १८९१ साली बास्केटबॉलचा जन्म झाला, तेथे त्यांचे शिक्षण झाले होते. १९२० मध्ये त्यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. आशिया खंडातील या प्रकारची ही पहिली संस्था मानली जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूबरोबर बक होते. १९४३ मध्ये ते निवर्तले. त्यांची संस्था मात्र नंदनम येथे उभी आहे आणि २०२० मध्ये तिने शंभर वर्षे पूर्ण केली. आपल्यापैकी कित्येकजण अण्णा सालैवरून रोज तिच्यावरून जातात, परंतु आत काय घडले याची कल्पना फार थोड्यांना असते. शरीररचना, शरीरक्रिया, आरोग्य आणि खेळ या सर्वांचा अभ्यास केलेला शिक्षक हवा, केवळ शिट्टी वाजविणारा नको, हा विचार येथून देशभर गेला.

महाराष्ट्रातही याच सुमारास हे वारे वाहत होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले. एवढी सामग्री जवळ असता भारतीय फुटबॉलपटूचे शरीर मात्र उपेक्षित का राहिले, हा खरा प्रश्न आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे थोडक्यात हरले. त्यांच्या कौशल्याची वाहवा झाली. १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरविले, तेव्हा ती वाहवा थांबली आणि बुटांची सक्ती आली. बुटांइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट घड्याळाची होती. बाहेरच्या जगात सामना ९० मिनिटांचा असे. आपल्या देशातील स्पर्धांत तो दीर्घकाळ ७० मिनिटांचाच होता. ज्या देहाला सत्तर मिनिटांची सवय, त्याला शेवटची वीस मिनिटे परमुलखासारखीच वाटणार. १९५६ मध्ये मेलबर्नला मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत उपांत्य फेरीत पोहोचला. तेथेही पहिला गोल आपलाच होता, तोही उत्तरार्धात; मात्र पुढील अर्ध्या तासाच्या आत युगोस्लाव्हियाने चार गोल चढविले. त्याची कारणे अनेक असतील, पण दमसास हे त्यांतले एक नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल.

त्या सुवर्णकाळाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शिक्षक. १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदके त्यांच्या मार्गदर्शनाखाली आली. खेळाडूच्या तंदुरुस्तीविषयी ते अत्यंत दक्ष होते. जकार्ताच्या १९६२ च्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध गोल राखणारे पीटर थंगराज हे तर मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघात घडलेले. निलगिरीतील वेलिंग्टन येथे असलेल्या या सैनिकी संघाने १९५५ आणि १९५८ मध्ये ड्युरँड चषक जिंकला. सैनिकाच्या दिनक्रमात शरीराची मशागत आधी येते आणि खेळ नंतर, हे येथे ध्यानी घ्यावे. १९६३ मध्ये रहीम गेले आणि ती दक्षता कोणा एका व्यक्तीवर अवलंबून होती हे लवकरच दिसून आले. ती आपल्या संस्थांच्या अंगवळणी पडलीच नव्हती.

महाविद्यालयांत काय झाले ते आम्ही स्वतः पाहिले आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाच्या संघात आम्ही दोन वर्षे होतो. स्पर्धा जवळ आली की पंधरा दिवस आधी मैदान गजबजे. पहिल्याच दिवशी दहा फेऱ्या, त्यानंतर लगेच सामना. पाणी मागणारा भेकड ठरे. आमचा एक सोबती, संघातील सर्वांत चपळ खेळाडू, मांडीचा स्नायू दुखावला असता पट्टी बांधून खेळविला गेला आणि त्या दिवसानंतर पूर्वीसारखा कधीच धावू शकला नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. शारीरिक शिक्षणाचे जे एकुलते एक शिक्षक होते, त्यांच्याकडे सर्व खेळांचे संघ, प्रवासाची तिकिटे, गणवेश, प्रमाणपत्रे आणि स्वातंत्र्यदिनाचे संचलन एवढे सारे होते. वस्तादाच्या खुर्चीवर आपण व्यवस्थापक बसविला होता.

अमेरिकेत हीच जागा कशी भरली गेली, हे पाहण्यासारखे आहे. तेथे फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याहून निराळा, परंतु प्रश्न एकच. वजने उचलल्याने खेळाडू जखडतो आणि मंदावतो अशी तेथील प्रशिक्षकांची ठाम समजूत होती. नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली नावाचा बांबूउडीचा खेळाडू पाठीच्या दुखापतीमुळे वजनांचा व्यायाम करीत असे. दुखापतग्रस्त फुटबॉलपटू त्याचे पाहून तसेच करू लागले आणि पूर्वीपेक्षा दणकट होऊन मैदानावर परतले. १९६९ मध्ये विद्यापीठाने त्याला खेळाडूंच्या बलसंवर्धनासाठी नेमले. एकही खेळाडू मंदावला तर तुमची नोकरी गेली, अशी तंबी मुख्य प्रशिक्षकाने दिल्याचे सांगतात. नोकरी गेली नाही; १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला. १९७८ मध्ये एप्लीने या व्यवसायाची राष्ट्रीय संघटनाच स्थापन केली. आज तेथील मोठ्या विद्यापीठांत असा तज्ज्ञ नसलेला संघ सापडणे कठीण.

मात्र या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा एक खेळाडू अशाच सरावात धावता धावता उष्माघाताने कोसळला. त्याला तत्काळ थंड पाण्यात ठेवणे आवश्यक होते; ते झाले नाही आणि पंधरा दिवसांनी तो मरण पावला. ज्ञान नसलेली किंवा दयामाया नसलेली मेहनत आळसाहून घातक असते. चेन्नईच्या रहिवाशांना हे वेगळे सांगावयास नको. अग्निनक्षत्राच्या दिवसांत, समुद्राकडील दमट हवेत घाम वाळत नाही आणि देह निवत नाही. अशा हवेची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर सराव बेताचा, सावलीत विश्रांती आणि मागेल तेव्हा पाणी, हे चोचले नव्हेत. हा प्राणरक्षणाचा नियम आहे.

यासाठी फार मोठा खर्च लागतो असेही नाही. ९० मिनिटांत उत्तम खेळाडू दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो, पण सामना ठरतो तो त्यांतील लहान, वेगवान झेपांवर. म्हणून नुसत्या फेऱ्या पुरत नाहीत. मांडी, पोटरी आणि कंबर यांचे बळ वाढवावे लागते. ‘फिफा’ने २००६ मध्ये वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम सिद्ध केला. त्याला चेंडू आणि मोकळी जागा यांखेरीज काही लागत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात सुमारे १,९०० मुली होत्या; ज्यांनी हा क्रम केला त्यांच्या एकंदर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. त्यातील बैठका, उड्या आणि तोलाचे प्रकार पाहून आमच्या मनात आले की आपल्या वस्तादाला यातले निम्मे ओळखीचे वाटले असते.

उत्तर चेन्नईतील व्यासर्पाडीसारख्या वस्त्यांतून फुटबॉल खेळणारी मुले महाविद्यालयात येतात. कित्येकांना तेथील प्रवेश खेळाच्या बळावर मिळतो. अशा मुलाचा गुडघा गेला तर खेळासोबत त्याच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा आधारही डळमळतो. पायांवर ज्याचे सारे भवितव्य उभे, त्याच्या पायांची काळजी वाहणारा कोणी तरी जाणता माणूस मैदानावर असावा, एवढीच आमची मागणी आहे.

मंडळाने पन्नास वर्षे संस्कृती जपली. व्यायामही आपल्या संस्कृतीचाच भाग आहे. पुढील काळात मंडळाने एखाद्या रविवारी आपल्या मुलामुलींना घेऊन नंदनमचे ते शंभरी ओलांडलेले विद्यालय पाहावे, तेथील जाणत्यांना व्याख्यानास बोलवावे आणि आपल्या तालमीची गोष्ट त्यांना सांगावी. दंड आणि तंडाल यांची पुन्हा भेट होईल, आणि त्या भेटीतून एखाद्या मुलाची शेवटची वीस मिनिटे सुखरूप पार पडली, तर हा सुवर्णमहोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.