दुसऱ्या श्रेणीचा मान : लीश परगण्याचा एक मोसम

सरकारी नोकरीत ज्यांची निम्मी हयात गेली आहे, त्यांना श्रेणी म्हणजे काय हे समजावून सांगावयास नको. वरच्या आणि खालच्या श्रेणीतील अंतर पगाराचे असते, त्याहून अधिक मानाचे असते. खालच्या श्रेणीत नोंद झालेल्या माणसाला एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते : वर जाण्याची वाट खरोखरच उघडी आहे, की ती केवळ नियमावलीत लिहिलेली आहे? आयर्लंडने आपल्या राष्ट्रीय खेळात ह्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा यत्न केला, आणि २०१९ च्या मोसमात त्या यत्नाची चांगलीच परीक्षा झाली.

हर्लिंग हा आयर्लंडचा पुरातन खेळ होय. ॲश वृक्षाच्या लाकडाची, टोकाशी रुंद झालेली काठी आणि चामड्याने मढविलेला लहानसा चेंडू, एवढेच त्याचे साहित्य. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा गडी असतात. आपल्या हॉकीशी त्याचे दुरून साम्य आहे. परंतु येथे चेंडू हाती झेलता येतो व हवेतून टोलविता येतो. दोन उंच खांबांमधील आडव्या दांडीवरून चेंडू गेल्यास एक गुण, दांडीखालून जाळ्यात गेल्यास गोल, आणि एका गोलाचे मोल तीन गुणांचे. इंग्रजी खेळांच्या रेट्यात देशी खेळ लोपू नयेत म्हणून १८८४ साली थर्ल्स गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिच्या मैदानावर खेळणाऱ्या गड्यांना आजही वेतन मिळत नाही. ते आपापल्या परगण्याच्या अभिमानासाठी खेळतात.

अभिमान सर्वांचा सारखा असला तरी बळ सारखे नसते. किलकेनी, कॉर्क आणि टिपेररी ह्या तीन परगण्यांनीच आजवरच्या निम्म्याहून अधिक अजिंक्यपदांवर आपली नावे कोरली आहेत. उरलेल्यांनी दर वर्षी यावे, मोठा पराभव पत्करावा आणि परतावे, ह्यात खेळाचेही हित नव्हते. म्हणून २०१८ पासून वरच्या श्रेणीच्या लगत खाली एक नवी स्पर्धा सुरू झाली. तिला गॉलवेचे हर्लिंगपटू जो मॅकडोना ह्यांचे नाव देण्यात आले. मॅकडोना १९९७ ते २००० ह्या काळात असोसिएशनचे अध्यक्ष होते. २०१६ साली ते निवर्तले. १९८० साली गॉलवेने सत्तावन्न वर्षांनी अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्यांनी सज्जातून गायिलेले गीत आयरिश लोकांच्या अद्याप स्मरणात आहे.

ह्या स्पर्धेचा विजेता पुढील वर्षी वरच्या श्रेणीत जातो. शिवाय तिच्या अंतिम सामन्यातील दोन्ही संघांना त्याच मोसमात, मुख्य स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीच्या उंबरठ्यावर, बड्या संघांशी एकेक सामना खेळावयास मिळे. सारे स्वारस्य ह्या दुसऱ्या तरतुदीत होते.

२०१९ साली अँट्रिम, केरी, ऑफली, वेस्टमीथ आणि लीश असे पाच संघ स्पर्धेत उतरले. त्यांतील ऑफली १९९८ पर्यंत चार वेळा अखिल आयर्लंडचा अजिंक्य संघ होता. ह्या मोसमाअखेर तो तिसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. चढण्याची वाट उघडी ठेवावयाची तर उतरण्याचीही ठेवावी लागते, आणि ती जुने वैभव पाहत नाही.

लीशचा पूर्वेतिहास त्याहून थोडका. इंग्रजी अंमलात ह्या परगण्याला क्वीन्स काउंटी म्हणत. १९१५ साली कॉर्कचा पराभव करून त्याने आपले एकमेव अजिंक्यपद मिळविले. १९४९ साली तो पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तेव्हा टिपेररीने त्याला सहज नमविले. त्यानंतर सत्तर वर्षे सांगण्याजोगे फारसे घडले नाही. २०१९ मध्ये संघाची सूत्रे किलकेनीचे एडी ब्रेनन ह्यांच्याकडे होती. खेळाडू म्हणून ज्यांनी आठ अजिंक्यपदे पाहिली, त्यांनी लहान परगण्याचा संघ हाती घ्यावा, हीच मोठी गोष्ट होती.

३० जून रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर लीशने वेस्टमीथला ३-२६ विरुद्ध १-२१ असे हरवून चषक जिंकला. पुढच्याच आठवड्यात पोर्टलीश येथे, आपल्याच मैदानावर, त्यांची गाठ डब्लिनशी पडली. एकीकडे सुमारे ८५ हजार वस्तीचा परगणा, दुसरीकडे साडेतेरा लाखांचे महानगर. त्यातही डब्लिनने जूनमध्ये २०१७ च्या अजिंक्य गॉलवेला हरवून मोसमाबाहेर काढले होते. निकाल लागला तो असा : लीश १-२२, डब्लिन ०-२३. दोन गुणांनी खालची श्रेणी वरचढ ठरली.

ह्या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच फेरीत वेस्टमीथला कॉर्ककडून वीस गुणांहून अधिक फरकाने हार खावी लागली. असे एकतर्फी सामने भरवू नयेत, असे म्हणणारे आयर्लंडात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूला आकडेही आहेत. लीशलाही पुढे टिपेररीने २-२५ विरुद्ध १-१८ असे रोखले. टिपेररीच त्या वर्षी अजिंक्य झाला.

परंतु हरण्याचा संभव मोठा आहे म्हणून संधीच काढून घेणे न्यायाचे होईल काय? दहांतील नऊ वेळा दुबळा हरतो हे मान्य केले, तरी दहावी वेळ येण्यासाठी नऊ सामने खेळावेच लागतात. त्या दिवशी दार बंद असते तर लीशचे सामर्थ्य जगाला कळले नसते, आणि खुद्द लीशलाही कळले नसते.

वर गेलेला लीश २०२२ मध्ये पुन्हा खाली आला. २०२४ साली त्याने दुसऱ्या श्रेणीचा अंतिम सामना गमावला, तो ऑफलीविरुद्ध. तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरलेला तोच ऑफली पायरी पायरीने वर चढला होता. २०२५ साली किल्डेअरपुढेही लीशची तीच गत झाली. तेव्हा दुसरी श्रेणी हा कुणाच्या कपाळीचा कायमचा शिक्का नव्हे. तिचा मान तिच्या चषकात नसून वर जाणाऱ्या वाटेत आहे. ती वाट बुजली, तर उरेल ती केवळ खालची श्रेणी.