मनोरुग्ण व्यक्तींची नोकरी : भारतीय कायद्याच्या वाटचालीतील एक विसंगती

भारतातील मनोरुग्णविषयक कायद्यांचा इतिहास बहुधा बंदिवासाकडून उपचारांकडे झालेली वाटचाल म्हणून मांडला जातो. १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टमध्ये रुग्णास दाखल करणे व त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावणे यांस प्राधान्य होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची भाषा सौम्य झाली. तरी त्याचेही मुख्य लक्ष रुग्णालयावरच राहिले. बाहेर पडलेल्या माणसाच्या उपजीविकेचा प्रश्न या दोन्ही कायद्यांनी हाताळला नाही.

या प्रश्नाला कायद्यात वाट मिळाली ती ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आलेल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यामुळे. त्यात मान्य केलेल्या अपंगत्वाच्या सात प्रकारांत मनोरुग्णतेचा समावेश होता. परंतु व्याख्येत मिळालेले हे स्थान आरक्षणाच्या कलमापर्यंत पोहोचले नाही. कलम ३३ अन्वये सरकारी नोकऱ्यांत ठेवलेल्या ३ टक्के जागा अंधत्व वा अल्पदृष्टी, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग वा सेरेब्रल पाल्सी यांत विभागलेल्या होत्या. मनोरुग्ण व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अपंग होती, मात्र राखीव जागेस पात्र नव्हती.

याच कायद्याचे कलम ४७ मात्र उदार होते. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नसे, पदावनतही करता येत नसे. मूळ काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे. तेही नसल्यास, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, अशी तरतूद होती. मनोरुग्णता व्याख्येत असल्याने हे संरक्षण तिलाही लागू होते.

या दोन कलमांतील तफावत वरवर तांत्रिक वाटते. स्किझोफ्रेनियासारखा आजार मात्र बहुधा किशोरवयाच्या अखेरीस वा विशीत, म्हणजे पदवीच्या वर्गात किंवा पहिल्या अर्जाच्या वेळी सुरू होतो. आधी नोकरी व मग आजार, असा क्रम ज्याच्या वाट्यास आला त्यालाच कलम ४७ उपयोगी. ज्यांचा क्रम उलटा, त्यांच्यासाठी दार उघडणारे कलम नव्हते. कायद्याने नोकरी टिकविण्याची सोय केली. ती मिळविण्याची केली नाही.

भारताने २००७ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्याने (अंमल १९ एप्रिल २०१७) आरक्षण ४ टक्क्यांवर नेले. वाढीव १ टक्क्यात मनोरुग्णता आली. पण स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व बहुविकलांगता यांच्यासह. शिवाय किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक. कधी ओसरणाऱ्या, कधी उसळणाऱ्या आजाराचे असे मोजमाप करणे कठीणच. त्यातून प्रमाणपत्र घेणे म्हणजे आजार जाहीर करणे. खासगी क्षेत्रासाठी सक्ती नाही, केवळ प्रोत्साहन आहे.

नोकरी टिकविण्याच्या बाजूस मात्र भर पडली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीवरील शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार ठरविला. अपंगत्व हे आक्षेपार्ह वर्तनामागील एकमेव कारण असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही. ते कारणांपैकी एक असले तरी पुरे, असे न्यायालयाने म्हटले.