अक्षरावर अक्षर : ‘ओव्हरराइट’ची दीडशे वर्षे

#धागा

१/ संगणकाच्या नेहमीच्या कळफलकावर बॅकस्पेसच्या शेजारी ‘इन्सर्ट’ नावाची एक कळ असते. ती चुकून दाबली गेली, की काही ठिकाणी विचित्र प्रकार सुरू होतो. वाक्यात मधेच एखादा शब्द घालायला जावे, तर पुढचा मजकूर सरकून जागा देण्याऐवजी एकेका अक्षराने नाहीसा होऊ लागतो. कळफलकाकडे पाहून टंकन करणाऱ्याच्या हे लक्षात येईपर्यंत अर्धी ओळ गेलेली असते. या प्रकाराला ओव्हरराइट किंवा ओव्हरटाइप म्हणतात.

२/ प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्यापुढे हाच विषय दुसऱ्या बाजूने येतो. त्याने मजकूर भरण्याची एक चौकट तयार केलेली असते आणि तिच्यात ‘जुने अक्षर जाऊन त्या जागी नवे यावे’ अशी सोय त्याला हवी असते. काम दोन ओळींचे वाटते. मात्र त्या दोन ओळींत एक गृहीतक दडलेले आहे : एक अक्षर म्हणजे एक घर. हे गृहीतक कुठून आले, किती काळ टिकले आणि मराठीपाशी येऊन कसे अडखळते, ते या धाग्यात पाहू.

३/ सुरुवात टाइपरायटरपासून. शोल्स आणि ग्लिडन यांचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विक्रीस आणले. कोणतीही कळ दाबली तरी कॅरेज तेवढेच अंतर सरके. अक्षर ‘आय’सारखे अरुंद असो वा ‘डब्ल्यू’सारखे रुंद. त्यामुळे कागदावर जणू समान घरे आखली जात. मागे येऊन त्याच घरात दुसरे अक्षर मारले, तर पहिले पुसले जात नसे; दोन्ही एकावर एक उमटत. म्हणून चुकलेल्या शब्दावर ‘एक्स’ची रांग मारण्याची रीत पडली. मधे अक्षर घालण्याचा तर प्रश्नच नव्हता. उमटलेली शाई उजवीकडे सरकणार कशी?

४/ देवनागरी टाइपरायटरने या मर्यादेचाच उपयोग करून घेतला. वर किंवा खाली लागणाऱ्या काही चिन्हांच्या कळा दाबल्या, तरी कॅरेज जागचे हलत नसे. त्यामुळे चिन्ह आणि अक्षर एकाच घरात उमटत. तिथे एकावर एक मारणे म्हणजे खोडणे नव्हते; अक्षर पूर्ण करणे होते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

५/ टेलिप्रिंटरच्या आणि सुरुवातीच्या संगणकांच्या काळात मजकूर कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपाने साठवत. पडलेले छिद्र बुजवता येत नाही. पण उरलेल्या जागीही छिद्रे पाडता येतात. म्हणून चुकलेल्या अक्षरावर सर्व छिद्रे पाडायची आणि वाचणाऱ्या यंत्राने ती जागा वगळायची, असा संकेत ठरला. १९६३ च्या ‘ॲस्की’ या सात बिटांच्या संकेतप्रणालीत ‘डिलीट’ला १२७ हा क्रमांक मिळाला तो यामुळेच. सातही बिटे १, म्हणजे सातही छिद्रे पाडलेली. पुसण्याची ही क्रिया मुळात ओव्हरराइटच होती.

६/ दुसरा धागा पंचकार्डाचा. आयबीएमचे ८० स्तंभांचे कार्ड १९२८ चे. त्यावर कोणत्या स्तंभात काय असेल हे आधीच ठरलेले असे. फोरट्रान भाषेत पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी, सहावा मागील ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, ७ ते ७२ प्रत्यक्ष विधानासाठी आणि शेवटचे आठ कार्डाच्या अनुक्रमासाठी. अशा रचनेत मधे एक अक्षर घुसले, की त्यापुढची सारी माहिती एकेक घर सरकून चुकीच्या रकान्यात जाणार. एका जागचे अक्षर बदलायचे आणि बाकीच्यांना धक्का लावायचा नाही, हाच इथला शिस्तीचा मार्ग होता.

७/ आयबीएमने १९७१ मध्ये जाहीर केलेल्या ३२७० मालिकेच्या टर्मिनलांनी हीच शिस्त पडद्यावर आणली. २४ ओळी, प्रत्येकी ८० घरे, एकूण १,९२० अक्षरे. पडद्यावर फॉर्म दिसे. त्यातील काही भाग संरक्षित, तर काही भरण्यासाठी मोकळे. आजच्या इनपुट चौकटीचे हे पूर्वज. टंकन केले की कर्सरखालच्या घरातील अक्षर बदले. मधे घालायचे असेल तर वेगळी इन्सर्ट कळ दाबावी लागे. आणि चौकटीत पुढे रिकामी जागा उरली नसेल, तर यंत्र कळफलकच अडवून धरी.

८/ म्हणजे सरकवून घालणे हा अपवाद होता आणि ओव्हरराइट हा नियम. कारण सरळ आहे. स्मृतीतील एका घरात नवे मूल्य लिहिणे हे एका पायरीचे काम. मधे जागा करायची, तर पुढचे प्रत्येक अक्षर एकेक घर हलवावे लागते आणि पडदाही तिथपासून नव्याने रेखाटावा लागतो. स्मृती आणि गती दोन्ही महाग असताना ही चैन परवडणारी नव्हती.

९/ घरगुती संगणकांवर प्रोग्रामिंग शिकलेल्या पिढीने हाच नियम पाहिला. १९८१ च्या आयबीएम पीसीवरील बेसिकमध्ये टंकन मुळात ओव्हरराइटच असे. ‘इन्स’ कळ दाबली की अक्षरे सरकू लागत, आणि कर्सर जाड होऊन घराचा खालचा अर्धा भाग व्यापी. बाणाची कळ दाबली की ती अवस्था आपोआप संपे. १९८२ च्या कमोडोर ६४ वर तर पडद्यावरच्या कोणत्याही ओळीवर जावे, चुकीच्या अक्षरावर बरोबर अक्षर टंकावे आणि रिटर्न दाबावे. प्रोग्रामची ती ओळ बदलली. जागा हवी असेल, तर ती आधी वेगळ्या कळीने उघडावी लागे.

१०/ याच्या काही वर्षे आधी कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात उलट विचार चालू होता. तिथल्या ब्राव्हो या संपादकात आज्ञा देण्याची अवस्था वेगळी आणि मजकूर लिहिण्याची वेगळी. त्यातून एक प्रसिद्ध किस्सा झाला. लिहिण्याच्या अवस्थेत आहोत असे समजून कुणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने लिहिण्याची अवस्था सुरू होई आणि पडद्यावर उरे फक्त ‘टी’.

११/ लॅरी टेस्लर यांनी अशा लपलेल्या अवस्थांविरुद्ध जन्मभर मोहीम चालवली. त्यांच्या मोटारीच्या पाटीवरसुद्धा ‘नोमोड्स’ ही अक्षरे होती. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी टिम मॉट यांच्यासह झेरॉक्सच्या मालकीच्या गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेसाठी जिप्सी हा संपादक लिहिला. त्यात टंकलेले अक्षर नेहमी टंकलेलेच राही. काही बदलायचे असेल तर तेवढा भाग आधी निवडावा. त्यावर टंकले की निवडलेला भाग जाऊन नवा येतो.

१२/ या बदलात कर्सरची जागाच पालटली. पूर्वी तो अक्षराच्या घरात, अक्षरावर बसे. आता तो दोन अक्षरांच्या मधल्या फटीत उभा राहू लागला. घरात बसणाऱ्या कर्सरला ‘या अक्षराचे काय करू’ असा प्रश्न असतो. फटीत उभ्या असलेल्याला तो नसतो. १९८३ चा ॲपल लिसा आणि १९८४ चा मॅकिंटॉश यांनी हीच पद्धत स्वीकारली. मूळ मॅकिंटॉशच्या कळफलकावर इन्सर्ट कळच नव्हती.

१३/ पीसीवर मात्र ती कळ राहिली. एवढेच नव्हे, तर १९८० च्या दशकात रूढ झालेल्या आयबीएमच्या १०१ कळांच्या फलकावर ती बॅकस्पेसला अगदी खेटून आली. खोडायला गेलेले बोट जरा घसरले, की ओव्हरराइट चालू. तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. अखेर मायक्रोसॉफ्टने वर्ड २००७ मध्ये या कळीचा तो परिणाम मुळात बंद ठेवला. ज्याला हवा त्याने पर्यायांत जाऊन चालू करावा.

१४/ आता नवशिक्या प्रोग्रामरकडे वळू. व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये आले आणि खिडकीत चौकट ओढून ठेवणे कुणालाही जमू लागले. पण विंडोजच्या साध्या मजकूर-चौकटीत ओव्हरराइटची सोयच नव्हती. तेव्हा रूढ झालेली युक्ती अशी : कळ दाबल्याची सूचना येताच कर्सरपुढचे एक अक्षर निवडायचे, म्हणजे ‘सेललेंग्थ’ या गुणधर्माला १ हे मूल्य द्यायचे. पुढचे काम चौकट स्वतः करते. निवडलेले जाते, टंकलेले येते.

१५/ या युक्तीत गंमत आहे. टेस्लर यांनी ज्या ‘निवडा आणि त्यावर टंका’ या नियमाने जुनी अवस्था मोडीत काढली, त्याच नियमाच्या आधारे ती अवस्था पुन्हा उभी केली गेली. आजही बहुतेक भाषांत नवशिक्याला हाच मार्ग सुचवता येतो.

१६/ पण मार्गात खड्डे आहेत. बॅकस्पेसही कळच आहे. तिला वगळले नाही, तर ती मागचे अक्षर सोडून पुढचे खाते. बहुओळी चौकटीत ओळीच्या शेवटी ‘पुढचे अक्षर’ म्हणजे ओळ तोडणारे चिन्ह. ते निवडले गेले, की खालची ओळ वर येऊन चिकटते. वापरणाऱ्याने आधीच काही निवडले असेल, तर त्यात ढवळाढवळ करू नये. कंट्रोलसह दाबलेल्या कळा वेगळ्या हाताळाव्यात. आणि व्हिज्युअल बेसिकमध्ये इन्सर्ट कळ ‘कीप्रेस’ला कळतच नाही, तिच्यासाठी ‘कीडाउन’ ऐकावे लागते.

१७/ सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अवस्था दिसली पाहिजे. १९८१ च्या बेसिकने कर्सरचा आकार बदलून ती दाखवली होती. नंतरच्या कित्येक फॉर्मांत तेवढेही सौजन्य उरले नाही. ओव्हरराइट शोभते ते ठरावीक लांबीच्या माहितीत : तारीख, पिनकोड, खाते क्रमांक. २००५ च्या डॉटनेट २.० मधील ‘मास्क्ड टेक्स्टबॉक्स’ या चौकटीला त्यासाठी इन्सर्ट की ओव्हरराइट असा गुणधर्मच दिला गेला. पंचकार्डाचे स्तंभ तिथे अजून जिवंत आहेत.

१८/ आता ते मूळ गृहीतक : एक अक्षर, एक घर. आजच्या युनिकोड चौकटीत ‘स्त्री’ असे लिहा. वाचणाऱ्याला ते एक अक्षर आहे. संगणकाच्या स्मृतीत ती सहा चिन्हे आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. कर्सर त्याच्या आधी ठेवून ‘क’ टंकला आणि प्रोग्रामने एकच चिन्ह बदलले, तर ‘स’ जातो, बाकीची पाच राहतात आणि पडद्यावर येते ‘क्त्री’. वापरणाऱ्याने असे काही मागितलेच नव्हते.

१९/ दुसरे उदाहरण. ‘रमा’ या शब्दावर ‘की’ टंकायचे आहे. ‘क’ टंकताच ‘र’ जाऊन ‘कमा’ होते. मग दीर्घ ईकार टंकला, की तो ‘म’ला खातो. मागे उरलेला काना आता ‘की’ला येऊन लटकतो : ‘कीा’. मराठीत असे अक्षर नाही. टाइपरायटरवर ईकार ‘क’ला पूर्ण करीत असे, इथे तोच शेजाऱ्याला गिळतो. आणि ही चौकट नावाची असेल, तर तयार होते ते कुठल्याही यादीत न जुळणारे नाव.

२०/ हा प्रश्न प्रमाणकर्त्यांनाही सुटायला वेळ लागला. वापरणाऱ्याला एक वाटणारा चिन्हसमूह कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याचे नियम युनिकोड प्रसिद्ध करते. त्यांत काना-मात्रा मूळ अक्षराबरोबर धरल्या जात. पण हलन्तानंतर समूह तुटे आणि ‘स्त्री’चे तीन तुकडे होत. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरणारा नियम आला तो २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत.

२१/ म्हणून आज ही सोय लिहिणाऱ्याने ‘पुढचे एक चिन्ह’ मोजू नये. भाषेतील तयार साधनाकडून पुढच्या अक्षरसमूहाची सीमा विचारावी, तेवढा भाग निवडावा आणि मग टंकू द्यावे. टंकलेले चिन्ह स्वतःच काना, मात्रा किंवा हलन्त असेल, तर काहीही न निवडता ते मागच्या अक्षराला जोडू द्यावे. हलन्तानंतर येणाऱ्या व्यंजनालाही तीच सवलत द्यावी, नाहीतर प्रत्येक जोडाक्षर लिहिताना पुढचे एक अक्षर बळी जाईल.

२२/ शिकणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. चौकट तयार झाली की ‘एबीसी’ टंकून समाधान मानू नये. तिच्यात ‘स्त्री’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’ टंकून पाहावे, प्रत्येकाच्या मध्ये जाऊन एकेक अक्षर बदलून पाहावे. चूक राहिली तर तिची झळ प्रोग्रामरला लागत नाही. ती लागते फॉर्म भरणाऱ्याला, आणि त्याला आपले काय चुकले हे कधी कळतही नाही.

(समाप्त)