राजदूत ३५० : जुन्या गाडीच्या अस्सलपणाची पडताळणी

राजदूत ३५० : एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८३ ते १९८९ या काळात भारतात बनवलेली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटारसायकल. मूळ आराखडा जपानी यामाहा आरडी ३५० बी या गाडीचा, म्हणून बोलण्यात ‘आरडी’. अमेरिकेत मसल कारचे जे झाले तेच हिचे झाले. ताकद गरजेपेक्षा जास्त, पेट्रोलचा खर्च न परवडणारा, गिऱ्हाईक मोजके. आणि उत्पादन थांबल्यावर भाव चढला. भाव चढला की नकला निघतात, त्यामुळे जुनी आरडी घेताना अस्सल कोणती हा प्रश्न पहिला येतो. कोल्हापुरात तो जास्त अवघड आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री व मशीन शॉपमध्ये नमुना दिला की जवळजवळ कोणताही भाग ओतून, कातून मिळतो. अशा ठिकाणी भाग पाहून गाडीची पारख करणे फोल ठरते. ठोकलेले नंबर, कागदपत्रे आणि इंजिनाचे मूळ ओतकाम या तिघांची साक्ष एकमेकांशी जुळते का, एवढीच कसोटी शेवटी उरते.

रचना : हवेने थंड होणारे ३४७ घन सेंमी.चे इंजिन, सिलिंडरचा व्यास ६४ मिमी., स्ट्रोक ५४ मिमी., रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर, ऑइलसाठी वेगळी टाकी व पंप. जपानी गाडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. भारतीय गाडीत सायलेन्सर आवळून ती उतरवली गेली. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, इकडे ड्रम बसवला. विक्रीच्या वेळी हा तपशील उलटा सांगितला जातो. पुढे डिस्क लावलेली राजदूत ‘जास्त ओरिजिनल’ म्हणून दाखवतात, पण कारखान्यातून ती ड्रम घेऊनच बाहेर पडली होती. डिस्क चांगली असेल, थांबायलाही बरी असेल. राजदूतच्या अस्सलपणात मात्र ती वजाबाकीच करते.

प्रकार : साधारण १९८५ पर्यंतची गाडी ‘हाय टॉर्क’ (३०.५ अश्वशक्ती), नंतरची ‘लो टॉर्क’ (२७ अश्वशक्ती). बहुतेक फसवणूक या साडेतीन अश्वशक्तीभोवती फिरते, कारण हाय टॉर्कला मागणी जास्त. फरक नेमक्या कोणकोणत्या भागांत होता यावर मिस्त्री मंडळींत एकमत नाही. आरसी बुकात हाय की लो हे सांगणारा रकानाच नाही. उत्पादनाचा महिना व वर्ष असते, त्यावरून अंदाज बांधायचा. अशी अडचण अमेरिकेतही आली होती. १९६४ व १९६५ ची पाँटिअॅक जीटीओ ही लेमान्स गाडीवर घेतलेला एक पर्याय होती, त्यामुळे चेसी नंबरवरून ती जीटीओ आहे की साधी लेमान्स, हे कळत नाही. तिथे कारखान्याची जुनी बिले जपलेली आहेत व त्यांची प्रत मिळते, म्हणून वाद मिटतो. आपल्याकडे डीलरचे मूळ बिल, सर्व्हिस बुक, विम्याची जुनी पावती असे जे पहिल्या मालकाने ट्रंकेत ठेवले असेल तेच दफ्तर. बहुतेकांनी ठेवलेले नसते.

नंबर व ओतकाम : चेसी नंबर हँडलच्या मानेवर, पोलादावर ठोकलेला असतो, इंजिन नंबर अॅल्युमिनियमच्या क्रँककेसवर. दोन धातू, म्हणून तपासण्याच्या दोन रीती. पोलादावर पंच बसतो तेव्हा दिसणाऱ्या खाचेखालचा धातूही दबून कठीण होतो. वरचा नंबर घासून काढला तरी हा दाब खाली राहतो आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत आम्लाने तो भाग खोदला की जुने आकडे पुन्हा उठतात. खरेदीदाराला आम्ल लागत नाही. रंगाचा थर पातळ करून भिंगातून पाहावे. घासलेल्या जागी पृष्ठभाग शेजारच्या नळीपेक्षा किंचित खोल व सपाट असतो, ग्राइंडरच्या रेषा एकाच दिशेने धावतात आणि नव्या आकड्यांच्या कडा धारदार लागतात. चाळीस वर्षांच्या आकड्यात मळ, गंज व रंगाचे थर तळापर्यंत बसलेले असतात. आकडा वाकडा पडला म्हणून मात्र बिचकू नये. हाताने ठोकलेला नंबर थोडा वरखाली असतोच, आणि फारच सरळ ओळ दिसली तर शंका घ्यायला जागा आहे. अॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. तिथे जुना नंबर वेल्डिंगने भरून वर नवा ठोकतात. भरलेला धातू ओतीव धातूपेक्षा वेगळ्या छटेचा असतो. स्वच्छ धुऊन तिरप्या उजेडात धरला की ठिगळ दिसते, आणि भरावात सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहिलेली असतात. मूळ क्रँककेसची न कातलेली बाजू एकसारख्या पोताची असते. वाळूच्या साच्यातून नव्याने ओतलेल्या भागाला वाळूचा खरखरीत दाणा येतो, कोपरे बोथट होतात, आणि धातू आकसल्यामुळे मापे किंचित लहान येतात, कारण नमुना म्हणून लाकडी पॅटर्नऐवजी जुना भागच वापरलेला असतो. कोल्हापूरचा चांगला पॅटर्नमेकर आकसण्याची सूट धरून काम करतो हे खरे. त्याच्या हातची क्रँककेस मापाने पकडता येणार नाही, पोताने येईल. सिलिंडर ब्लॉकवर मात्र निकाल ठरवू नये. ब्लॉक रिबोअर होतात, एक मिमी. ओव्हरसाइज पिस्टन घातला की क्षमता सुमारे ११ घन सेंमी.ने वाढते, आणि असा ब्लॉक नकली नसतो, केवळ वापरलेला असतो.

कागद व पासिंग : इथे नेहमीचा आक्षेप असा, की बुकातले नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात, आरटीओने पेन्सिलने छाप घेऊन गाडी नावावर केली, मग आणखी कसली पडताळणी? आरटीओ जे पाहते ते तिच्या कामापुरते पाहते : नंबर तेच आहेत का, कर भरला का, बोजा आहे का. नंबर मुळात त्याच लोखंडावर जन्मले का, हे नावबदलाच्या फॉर्मवरच्या छापातून कळत नाही. भंगारात गेलेल्या गाडीचे बुक आणि दुसरीकडून आलेली चेसी यांचे लग्न लावण्याचा प्रकार जुना आहे, आणि कागद जुळवूनच तो केला जातो. म्हणून कागद खोटे मानायचे असे नाही. ते उलटीकडून वाचायचे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि एमएच-०९ सारखे क्रमांक त्यानंतरचे. १९८४ साली कोल्हापुरात पासिंग झालेल्या गाडीचा नंबर जुन्या, तीन अक्षरी मालिकेतला असायला हवा. त्याच वर्षीची गाडी एमएच-०९ पाटीने उभी असेल तर ती परराज्यातून येऊन इथे पुन्हा नोंदली गेली असणार, किंवा तिचे काहीतरी जुळत नाही. पहिली शक्यता सरहद्दीवर अगदी नेहमीची आहे. निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या गाड्या इकडे येतात, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर गाडी राहिली तर कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा एमएच-०९ दिसताच नाक मुरडू नये, मूळ राज्याची एनओसी मागावी. ती मिळाली तर पाटीचा इतिहास पुरा होतो. विकणारा ‘कुठेतरी गेली’ म्हणाला तर भाव तिथेच उतरवावा. छत्रपती घराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला दसरा चौकात येते तेव्हा तिची कागदपत्रे कोणी मागत नाही, मालकाचा प्रश्नच नसतो. आरडी चार-सहा हातांतून फिरलेली असते आणि प्रत्येक हाताने तिच्यात काहीतरी बदललेले असते.

नकलेचा मान : दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोल्हापूरने परदेशी यंत्र खोलून तसेच घडवण्याला कधी कमी लेखलेले नाही. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा इथेच बनवला आणि तो अभिमानाचा विषय आहे. मग उद्यमनगरात ओतलेल्या केसिंगची आरडी हीन का मानायची? मानू नये. मिळत नसलेला भाग घडवून गाडी रस्त्यावर ठेवणे हे कौशल्यच आहे, आणि असे भाग नसते तर आज धावणाऱ्या गाड्या फारच थोड्या उरल्या असत्या. पण पेंटरांनी आपला कॅमेरा विलायती म्हणून विकला नव्हता. घडवलेल्या भागांची यादी बिलात लिहून दिली तर ती दुरुस्ती होते. तोच भाग ‘जपान’ म्हणून दिला तर लबाडी. भागांचेही गट पाडावे लागतात. चेसी व क्रँककेस मूळ असतील तर गाडी अस्सल धरावी, मग क्रँक, पिस्टन, सायलेन्सर, केबल काहीही बदललेले असो. सायलेन्सर मूळ असला तर उत्तम, पण गंजलेल्या पत्र्यासाठी कोणी गाडी नाकारू नये. सगळे भाग मूळ आणि चेसी दुसऱ्याची, अशी गाडी या कसोटीला उतरत नाही. हे मत पुष्कळ हौशी मंडळींना पटणार नाही.

रंग, पट्टे, बिल्ले : सर्व नवे मिळतात, पुरावा म्हणून किंमत शून्य.

कायद्यातील स्थान : कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, आणि इंजिन बदलल्यास त्याची नोंद बुकात हवी, ती नोंद असलेली गाडी कमी मूळ असली तरी जास्त विश्वासाची. केंद्राने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. ५० वर्षांहून जुनी, चेसी व इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी त्यासाठी पात्र ठरते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पहिल्या राजदूत ३५० ला ही दारे २०३३ च्या आत उघडत नाहीत. तोपर्यंत तिला बाकी जुन्या गाड्यांसारखेच दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी आरटीओत उभे राहावे लागते, आणि त्या प्रत्येक वेळी घेतलेल्या चेसी छापाची एक प्रत मालकाने स्वतःकडेही ठेवावी.