पाऊण मिनिटाचें गाणें

मनांतला राग गाण्यांत ओतावा आणि तें गाणें चारचौघांत म्हणावें, ही रीति जगांत कोठेंच नवी नाहीं. महाराष्ट्राला तर ती मुळींच नवी नाहीं. डफावर थाप मारून सत्ताधाऱ्याला खडा सवाल टाकणारा शाहीर आणि कलगी-तुऱ्याच्या फडांत प्रतिपक्षाला कोंडींत पकडणारा गायक येथल्या लोकांनीं पिढ्यानुपिढ्या ऐकला आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचा रॅप हा गायनप्रकार ह्याच कुळांतला. तालावर झरझर शब्द फेकावयाचे, यमकावर यमक चढवावयाचें, आणि ऐकणाराला उसंत मिळण्यापूर्वींच वर्मावर बोट ठेवावयाचें, हा त्याचा बाणा. २०१९ सालच्या 'गली बॉय' ह्या हिंदी चित्रपटामुळें हा प्रकार मराठी घरांतहि परिचयाचा झाला. परंतु आपल्या मायदेशीं ह्या गाण्यानें एक अवघड प्रश्न उभा केला आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानें अन्याय करणाराचें नांव घ्यावें, हें रास्तच आहे; पण नांव घेतांना एका माणसाऐवजीं त्याच्या साऱ्या वंशाचेंच नांव घेतलें, तर त्याला काय म्हणावें? १९९१ सालीं लॉस एंजलिस शहरांत निघालेल्या एका पाऊण मिनिटाच्या गाण्याची हकीकत ह्या प्रश्नाच्या मुळाशीं नेणारी आहे.

हिप-हॉप चळवळीचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत झाला. ह्या भागाच्या मधोमध रुंद मोटाररस्ता काढण्यासाठीं दुसऱ्या महायुद्धानंतर हजारों कुटुंबें उठविण्यांत आलीं. ज्यांना शक्य होतें ते निघून गेले. मागें राहिले ते प्रामुख्यानें गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले लोक. तेथें ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एका मुलीनें शाळेच्या नव्या कपड्यांसाठीं पैसे जमविण्याकरितां तिकीट लावून नाचाचा जलसा केला. तिचा भाऊ क्लाइव्ह कँबेल, ऊर्फ डीजे कूल हर्क, हा तबकड्या वाजवीत होता. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारीं शेजारीं ठेवून त्यांतील केवळ तालाचा तुकडा पुनःपुन्हा वाजवीत राहण्याची युक्ति जमैकांतून आलेल्या ह्या तरुणानें रूढ केली. त्या लांबविलेल्या तालावर लोक नाचूं लागले, मग कोणी बोलूं लागले, आणि त्या बोलण्याचेंच पुढें गाणें झालें.

आरंभीं हें गाणें करमणुकीचें होतें. १९८२ सालीं ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांच्या 'द मेसेज' ह्या गाण्यानें गरीब वस्तींतील जिण्याचें चित्र रेखाटलें, आणि रॅपला सामाजिक आशय मिळाला. राजकीय धार चढविली ती 'पब्लिक एनिमी' ह्या संघानें. त्यांचा प्रमुख चक डी हा रॅपला कृष्णवर्णीयांची स्वतःची वृत्तसंस्था मानी. जें वर्तमानपत्रांत येत नाहीं तें गाण्यांत यावें, अशी त्याची भूमिका होती. १९८९ सालीं स्पाइक ली ह्या दिग्दर्शकाच्या 'डू द राइट थिंग' ह्या चित्रपटासाठीं त्यांनीं रचलेलें 'फाइट द पॉवर' हें गाणें त्या उन्हाळ्यांत घरोघर गाजलें. परंतु त्याच वर्षीं संघांतील प्रोफेसर ग्रिफ ह्यानें एका दैनिकाला मुलाखत देतांना जगांतील बहुतेक दुष्कृत्यांचें खापर ज्यू समाजाच्या माथीं फोडलें. मोठा गहजब झाला, चक डीनें जाहीर क्षमा मागितली, आणि ग्रिफला संघाबाहेर जावें लागलें. वर्णद्वेषाविरुद्ध उभ्या राहिलेल्या गाण्याच्या घरांतच दुसऱ्या एका द्वेषानें बिऱ्हाड केलें आहे, हें तेव्हां प्रथम ठळकपणें दिसून आलें.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजलिसजवळच्या काँप्टन गांवीं, 'एन्. डब्ल्यू. ए.' हा संघ उदयास आला. पोलिसांच्या दंडेलीविरुद्ध त्यांनीं केलेलें गाणें इतकें झोंबलें कीं, ऑगस्ट १९८९ मध्यें अमेरिकेच्या केंद्रीय गुन्हे-अन्वेषण खात्याच्या एका अधिकाऱ्यानें तबकडी काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहून नापसंती कळविली. त्या गाण्याच्या रचनाकारांपैकीं ओशे जॅक्सन, ऊर्फ आइस क्यूब, हा त्या वर्षाअखेर संघांतून फुटला आणि स्वतंत्रपणें गाऊं लागला. तोंवर त्याच्या रागाचें लक्ष्य वर्दी घातलेली सत्ता हें होतें. दोन वर्षांनीं तें बदललें.

त्या बदलाचें कारण समजण्यासाठीं दक्षिण लॉस एंजलिसच्या स्थितीकडे पाहिलें पाहिजे. एके काळीं त्या भागांत मोटारींचे, टायरांचे व पोलादाचे कारखाने होते, आणि कृष्णवर्णीय कामगारांना त्यांत बऱ्यापैकीं वेतन मिळे. १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ते एकामागून एक बंद पडले. १९६५ च्या वॉट्स येथील दंगलीनंतर जुने गोरे दुकानदार, त्यांत पुष्कळ ज्यू, दुकानें विकून निघून गेले होते. त्याच वर्षीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला, आणि पुढें कोरियांतून मोठ्या संख्येनें लोक आले. त्यांतले कित्येक शिकलेले होते. पण भाषेच्या अडचणीमुळें त्यांना आपल्या शिक्षणाजोगी नोकरी मिळेना. स्वस्तांत मिळणारीं हीं दुकानें त्यांनीं घेतलीं आणि सारें कुटुंब पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत गल्ल्यावर राबूं लागलें. लुटारूंच्या गोळ्यांना त्यांच्यापैकीं अनेकजण बळी पडले. म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाकडे संशयानें पाही. आणि आपल्याच वस्तींत आपल्यावर पाळत ठेवली जाते, हें गिऱ्हाइकाला सहन होत नसे. दोघेहि भ्यालेले, दोघेहि अपमानित, आणि दोघांमध्यें एक लांकडी फळी, असें तें दृश्य होतें.

१६ मार्च १९९१ रोजीं लताशा हार्लिन्स ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी अशाच एका दुकानांत गेली. एक डॉलर ७९ सेंट किंमतीची संत्र्याच्या रसाची बाटली तिनें पाठीवरच्या पिशवींत ठेवली. ती चोरी करीत आहे, असें वाटून दुकानाच्या कोरियन मालकिणीनें तिला धरलें. झटापट झाली. मुलीनें बाटली फळीवर ठेवली आणि ती पाठमोरी होऊन जाऊं लागली. तेवढ्यांत मालकिणीनें पिस्तूल उचलून तिच्या डोक्यांत मागून गोळी घातली. मुलगी मेली तेव्हां तिच्या हातांत दोन डॉलर होते. दुकानांतील कॅमेऱ्यानें हा सारा प्रकार टिपला होता. रॉडनी किंग ह्या कृष्णवर्णीयाला पोलिसांनीं रस्त्यावर बेदम मारल्याचें चित्रण ह्याच्याच तेरा दिवस आधींचें. दोन्ही चित्रणें शहरानें पुनःपुन्हा पाहिलीं.

११ ऑक्टोबर १९९१ रोजीं ज्यूरीनें मालकिणीला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविलें. शिक्षा सुनावणें बाकी होतें. ह्या दोन घटनांच्या मध्यें, २९ ऑक्टोबरला, आइस क्यूबचा 'डेथ सर्टिफिकेट' हा गीतसंग्रह बाहेर पडला. त्यांत 'ब्लॅक कोरिया' हें पाऊण मिनिटाचें गाणें होतें. गिऱ्हाइकाच्या मागें मागें पाळत ठेवीत फिरणाऱ्या दुकानदाराची तक्रार त्यांत आहे, आणि ती खोटी नव्हती. परंतु तक्रारीवर गाणें थांबत नाहीं. आम्हांला मान द्या, नाहींतर देशभर बहिष्कार घालूं आणि दुकानें जाळूं, अशी धमकी त्यांत आहे. कोरियनांना हिणवितांना कवीनें एका चिनी समजल्या जाणाऱ्या पदार्थाचें नांव वापरलें आहे. ज्यांच्यावर इतका राग, ते कोण हेंहि त्यानें निरखून पाहिलें नव्हतें. आणि ज्या मुलीच्या मृत्यूनें वस्तींतला संताप पेटला होता, तिचें नांव त्या गाण्यांत एकदांहि येत नाहीं.

वाद भडकला. 'बिलबोर्ड' ह्या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकानें अग्रलेख लिहून ह्या संग्रहाचा निषेध केला. त्यांतल्याच दुसऱ्या एका गाण्यांत ज्यू व्यवस्थापकावर हल्ला होता, म्हणून ज्यू संस्थांनीं तो दुकानांतून काढून टाकण्याचें आवाहन केलें. इंग्लंडमधल्या आवृत्तींतून हीं दोन्ही गाणीं वगळण्यांत आलीं. ह्याउलट कवीचे पाठिराखे म्हणत कीं, त्यानें द्वेष निर्माण केला नाहीं, वस्तींत असलेला द्वेष कळविला. वार्ता आणणाराला सुळीं कां देतां? ह्या म्हणण्यांत तथ्य होतें, पण तें अर्धेंच. वार्ताहर आग लागल्याचें सांगतो, आग लावूं असें म्हणत नाहीं.

परंतु विरोधकांच्या पारड्यांतहि उणें होतें. १५ नोव्हेंबर १९९१ रोजीं न्यायाधीशांनीं शिक्षा सुनावली. दहा वर्षांची कैद तहकूब ठेवून पांच वर्षें देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढेंच मालकिणीला भोगावयाचें होतें. तुरुंगांत तिला जावें लागणार नव्हतें. पाऊण मिनिटाच्या गाण्यावर अग्रलेख लिहिणारांपैकीं कितीजणांनीं ह्या निकालावर तितक्याच तळमळीनें लेखणी उचलली? कृष्णवर्णीय समाजानें हा हिशेब मनांत ठेवला. शब्दाचा अपराध मोठा आणि मुलीचा जीव लहान, असा अर्थ त्यानें काढला तर त्याला दोष देणें कठीण आहे.

कोरियन दुकानदारांनीं गाण्याला उत्तर दिलें तें आपल्या धंद्याच्या भाषेंत. आइस क्यूब ज्या मद्याची जाहिरात करी तें मद्य त्यांच्या संघटनेनें दुकानांत ठेवणें बंद केलें. मद्याच्या कंपनीनें त्या जाहिराती थांबविल्या, आणि १९९२ च्या आरंभीं आइस क्यूबनें दुकानदारांच्या प्रतिनिधींची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. आपला रोख साऱ्या कोरियनांवर नव्हता, कांहीं दुकानांतल्या वागणुकीवर होता, असा खुलासा त्यानें केला. परंतु खुलासा चार भिंतींच्या आंत झाला, आणि गाणें रस्त्यावर होतें.

२९ एप्रिल १९९२ रोजीं किंगला मारणारे पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले आणि शहर पेटलें. ६० हून अधिक माणसें मेलीं. कोरियनांचीं दोन हजारांहून अधिक दुकानें लुटलीं वा जाळलीं गेलीं. पोलीस मागें हटले, तेव्हां दुकानदार बंदुका घेऊन छपरांवर चढले. त्या गोंधळांत १८ वर्षांचा एक कोरियन तरुण आपल्याच लोकांची गोळी लागून मेला. कोरियन लोक ह्या घटनेला 'सा-इ-गू', म्हणजे चार-दोन-नऊ, असें केवळ तारखेच्या आंकड्यांनीं ओळखतात. ही आग गाण्यानें लावली असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारखाने बंद पाडणारे, पोलिसांना मोकळें सोडणारे आणि न्यायासनावर बसलेले ह्यांचा वांटा फार मोठा होता. परंतु त्यांच्यापैकीं कोणाचेंहि घर जळलें नाहीं. जळलें तें हाताजवळचें दुकान. गाण्यानें बोट दाखविलें होतें तें त्याच दिशेला.

त्याच उन्हाळ्यांत सिस्टर सोल्जा ह्या रॅप-गायिकेनें दंगलीविषयीं बोलतांना गोऱ्यांच्या हत्येबद्दल केलेले उद्गार प्रसिद्ध झाले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असें तिचें म्हणणें होतें. १३ जून १९९२ रोजीं अध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन ह्यांनीं कृष्णवर्णीयांच्याच एका सभेंत तिचा निषेध केला आणि मध्यममार्गी मतदारांची वाहवा मिळविली. अशा रीतीनें गाण्याचा वाद निवडणुकीच्या बाजारांतहि खपला. ज्या वस्त्यांतून गाणें आलें त्या वस्त्यांच्या पदरांत त्यांतून कांहीं पडलें नाहीं.

मग त्या मुलीचें गाणें कोणी केलें? तें केलें टुपॅक शकूर ह्यानें. त्याची आई अफेनी ही 'ब्लॅक पँथर' पक्षाची कार्यकर्ती. न्यूयॉर्कमधील कटाच्या खटल्यांतून ती १९७१ सालीं निर्दोष सुटली आणि महिन्याभरानें टुपॅकचा जन्म झाला. पुढल्याच वर्षीं, १९७२ मध्यें, मुंबईंत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ह्या तरुण लेखकांनीं त्याच पक्षाच्या नांवावरून 'दलित पँथर' उभी केली. त्यांचे शब्दहि सुशिक्षितांच्या कानांना असेच झोंबले होते. १९९३ सालीं टुपॅकनें 'कीप या हेड अप' हें गाणें लताशा हार्लिन्सला अर्पण केलें. त्यांत राग आहे, दारिद्र्याची चीड आहे, आणि आपल्याच समाजांतील पुरुष स्त्रियांना कसे वागवितात ह्याचा रोखठोक जाब आहे. दुसऱ्या वंशाच्या नांवानें मात्र त्यांत शंख नाहीं. टुपॅकचीं सारींच गाणीं अशीं संयमी नव्हतीं. पण ह्या एका गाण्यांत त्यानें मारणाराच्या वंशापेक्षां मेलेलीचा मान मोठा मानला.

राग एकच, वस्ती तीच, मृत्युहि तोच. गाणीं मात्र दोन झालीं. पीडितानें मृदु बोलावें, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार सुखवस्तु माणसाला नाहीं. परंतु कोणाकडे बोट दाखवावें, एवढी निवड पीडिताच्याहि हातीं उरते, आणि ती निवडच त्याच्या गाण्याची योग्यता ठरविते. २०२१ सालीं लॉस एंजलिसच्या त्याच भागांतील एका क्रीडांगणाला लताशा हार्लिन्सचें नांव देण्यांत आलें. पाऊण मिनिटाच्या गाण्याला जें नांव घेण्याचें सुचलें नाहीं, तें तेथें खेळावयास येणारीं मुलें आतां वाचतात.